नलिका, स्टेंट आणि मुदत : प्रस्तावना

माणसाच्या यकृतात दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते आणि ते सारे शेवटी जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीच्या एकाच नळीतून आतड्यात उतरते. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागांतून येणाऱ्या शाखा यकृताच्या तळाशी एकत्र येतात, पुढे पित्ताशयाची नळी त्यांना मिळते आणि अशी तयार झालेली मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून वाट काढत आद्यांत्रात, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, एका लहानशा उंचवट्यावर उघडते. या उंचवट्याचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ अब्राहम व्हाटर यांनी १७२० मध्ये केले, तर तेथील प्रवाहाचे नियमन करणाऱ्या स्नायूंच्या कड्याचा अभ्यास रुग्गेरो ओड्डी यांनी १८८७ मध्ये, विद्यार्थिदशेत असतानाच, प्रसिद्ध केला. स्वादुपिंडाची नलिकाही याच उंचवट्यावर उघडते. दोन महत्त्वाच्या ग्रंथींचा स्राव एकाच अरुंद दारातून बाहेर पडावा, ही शरीररचनेतील गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे, कारण पित्तनलिका उघडी ठेवण्यासाठी तिच्यात बसवल्या जाणाऱ्या स्टेंटचे यश आणि त्याचे बहुतेक धोके या दाटीवाटीच्या जागेतूनच निर्माण होतात.

ही नळी बंद झाली की पित्त मागे साचते आणि त्यातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य रक्तात मिसळू लागते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मलाचा रंग फिका पडतो आणि पुष्कळ रुग्णांना रात्र रात्र झोपू न देणारी खाज सुटते. पित्त आतड्यात न पोहोचल्यामुळे स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, त्यांच्याबरोबर शोषले जाणारे के जीवनसत्त्व कमी पडते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. साचलेल्या पित्तात जंतूंची वाढ झाली तर थंडी वाजून ताप येतो, आणि हा नलिकेतील संसर्ग काही तासांतच रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुतांश वेळा आपोआप बरी होते, आणि त्यामुळेच खेडोपाडी काविळीवर दिल्या जाणाऱ्या झाडपाल्याला यशाचे श्रेय मिळत राहते. अडथळ्याची कावीळ मात्र वाट मोकळी झाल्याशिवाय उतरत नाही. या दोन काविळींमधला फरक वेळीच ओळखला न गेल्याने वाट अडवणाऱ्या गाठीवरच्या उपचाराची संधी हातची जाते, ही या विषयातील अत्यंत दुःखद आणि तितकीच टाळता येण्याजोगी बाब आहे.

अडथळ्याची कारणे अनेक आहेत आणि स्टेंटची निवड त्यांच्यावरच अवलंबून असते. पित्ताशयातून खाली सरकलेला खडा, स्वादुपिंडाच्या शीर्षातील कर्करोगाची गाठ, नलिकेच्या अस्तरातच उद्भवलेला कर्करोग, दीर्घकालीन स्वादुपिंडदाहामुळे भोवतीच्या ऊतीत आलेला कठीणपणा, पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा, ही त्यांतील प्रमुख होत. दोन्ही शाखांच्या संगमावर वाढणाऱ्या गाठीचे तेरा रुग्णांच्या आधारे सविस्तर वर्णन गेराल्ड क्लाट्स्किन यांनी १९६५ मध्ये केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने याच संगमाला विळखा घालणारे अडथळे भारतीय डॉक्टरांच्या नेहमीच्या कामाचा भाग झाले आहेत. एका जागी काही आठवड्यांपुरता आधार पुरतो, दुसऱ्या जागी नलिका वर्षभर ताणून ठेवून कायमची रुंद करायची असते, तर तिसऱ्या जागी रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यात कावीळ परत येऊ न देणे एवढेच साध्य असते. नळी दिसायला सारखी असली तरी या तिन्ही कामांसाठी तिच्याकडून असलेल्या अपेक्षा पूर्णपणे वेगळ्या आहेत.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत या रुग्णांपुढे मुख्यत्वे शस्त्रक्रियेचाच मार्ग होता. पोट उघडून अडथळ्याच्या वरची नलिका आतड्याला जोडून दिली जाई आणि आधीच काविळीने क्षीण झालेल्या शरीराला हा घाव पुष्कळदा सोसत नसे. १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे आद्यांत्रापर्यंत नेलेल्या दुर्बिणीतून व्हाटरच्या उंचवट्यात बारीक नळी सरकवून नलिकांमध्ये क्ष-किरणांवर दिसणारा द्रव भरण्यात यश मिळवले. पुढे जपानी डॉक्टरांनी आणि उत्पादकांनी बाजूला पाहणारी दुर्बीण विकसित केल्यावर हे तंत्र, आज सर्वत्र ईआरसीपी म्हणून ओळखले जाणारे, हाताळण्याजोगे झाले. १९७४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे माइनहार्ड क्लासेन व लुडविग डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये केइची कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने हा उंचवटा आतून छेदून खडा काढण्याची पद्धत दाखवून दिली. त्याच वर्षी पोटाच्या त्वचेतून सुई यकृतात घालून पित्त बाहेर काढण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. तिची उपयुक्तता आजही टिकून आहे, परंतु तिच्यात रुग्णाला बाहेर लोंबणारी नळी आणि पिशवी बाळगावी लागे.

यानंतरचे पाऊल हॅम्बुर्गमध्ये पडले. मूळचे इंडोनेशियाचे असलेले शल्यचिकित्सक निब सोएहेंद्रा यांनी १९७९ मध्ये दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी अडथळ्याच्या पलीकडे नेऊन तिथेच ठेवली आणि तो अनुभव प्रसिद्ध केला. पित्त शरीरातच, त्याच्या नैसर्गिक मुक्कामी पोहोचू लागले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये केस हाउब्रेख्त्से आणि खीडो टिटखाट यांच्या गटाने या नळीचे रूप बदलले : टोके वळवण्याऐवजी सरळ ठेवून दोन्ही टोकांशी छोटे तिरके पंख कापले, जेणेकरून नळी वरही सरकू नये आणि खालीही घसरू नये. जगभर आज वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिक स्टेंटचा आकार बव्हंशी तोच आहे. चार दशकांत न बदललेली वैद्यकीय उपकरणे थोडी आहेत, आणि ज्या साधेपणाने हा प्रश्न सोडवला गेला तो पाहता या रचनेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र या नळीच्या रुंदीला एक मर्यादा होती. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात; पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांच्या मोजपट्टीवरून आलेल्या या एककाचा एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणीतील उपकरणांची वाट साधारण ४.२ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे तीमधून जाणारी प्लास्टिकची नळी १० किंवा फार तर ११.५ फ्रेंच, म्हणजे ३.३ ते ३.८ मिलिमीटर, एवढीच असू शकते. प्रवाहाच्या दृष्टीने हे फरक दिसतात त्याहून फार मोठे आहेत. झां पोआझेय या फ्रेंच वैद्यकाने १८४० च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घाताशी निगडित असते. म्हणजे ७ फ्रेंचऐवजी १० फ्रेंचची नळी वापरली तर रुंदी दीडपटीपेक्षाही कमी वाढते, पण त्याच दाबाखाली वाहू शकणारे पित्त सुमारे चौपट होते. स्टेंटच्या रचनेतील मूळ पेच इथेच आहे. बारीक वाटेने आत जायचे आणि आत पोहोचल्यावर रुंद व्हायचे, या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वस्तूकडून केल्या जातात, आणि प्लास्टिक त्यांपैकी पहिलीच पुरी करू शकते.

प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत बुजू लागते, हा अनुभव सुरुवातीपासूनचा आहे. त्याची कारणे अभ्यासकांनी बारकाईने शोधली. नळी नलिकेत बसताच काही वेळातच तिच्या आतल्या पृष्ठभागावर प्रथिनांचा पातळ लेप चढतो. नळीचे खालचे टोक आतड्यात उघडे असल्याने, ओड्डीच्या स्नायूंनी एरवी रोखून धरलेले जंतू त्या लेपावर स्थिरावतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. या आवरणात राहणारे जंतू जी एंझाइमे सोडतात त्यांपैकी एक बिलिरुबिनला त्याच्या विद्राव्य जोडीपासून तोडते, दुसरे पित्तातील फॉस्फोलिपिडचे विघटन करते, आणि मोकळे झालेले पदार्थ कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारे क्षार बनतात. आतड्यातून वर चढलेले अन्नाचे तंतू त्यात अडकले की गाळ घट्ट होतो. या प्रक्रियेवर मात करण्यासाठी अधिक गुळगुळीत प्लास्टिक, बाजूची छिद्रे नसलेल्या नळ्या, जंतुनाशक लेप, पित्त पातळ करणारी औषधे असे अनेक उपाय योजले गेले. त्यांपैकी कोणत्याही उपायाने नेहमीच्या वापरात निर्णायक फरक पडला नाही. हा इतिहास सविस्तर वाचण्याजोगा आहे, कारण प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कल्पना जिवंत पित्तात का टिकत नाही हे त्यातून समजते.

हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंटशी वाचकांचा परिचय अधिक असतो, म्हणून दोन्हींमधील भेद इथेच स्पष्ट करणे इष्ट. रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाहिनीच्या आतल्या पेशींच्या थराखाली झाकली जाते आणि भिंतीचाच भाग बनते. तिच्यावरून वाहणारे रक्त निर्जंतुक आणि वेगवान असते. पित्तनलिकेतील किंवा मूत्रवाहिनीतील नळी मात्र जंतू आणि क्षार यांच्या सतत संपर्कात, मंद प्रवाहात, उघडीच राहते. रक्तवाहिनीतील जाळी सहसा फुग्याने दाबून फुलवली जाते, नलिकांमधील धातूचे स्टेंट बहुतांशी स्वतःच्या स्थितिस्थापकतेने उमलतात. या भेदांमुळे नलिकेतील प्रत्येक स्टेंटला एक मुदत असते, आणि ती मुदत हा स्टेंटच्या रचनेचा बाहेरून जोडलेला तपशील नसून तिचा पायाच आहे, अशी या ग्रंथाची भूमिका आहे.

रुंदीचा पेच धातूने सोडवला. स्वीडिश अभियंता हान्स वॉलस्टेन यांच्या नावाने ओळखला जाणारा, बारीक तारा एकमेकींत विणून तयार केलेला स्टेंट १९८० च्या दशकात पुढे आला. विणलेल्या पोकळ दोरीची टोके ओढली की ती लांब आणि बारीक होते आणि सोडली की आखूड व जाड होते, त्याच तत्त्वावर हा स्टेंट ताणलेल्या अवस्थेत एका बारीक आवरणनळीत भरला जातो आणि आवरण मागे ओढताच ८ ते १० मिलिमीटरपर्यंत फुलतो. ३.३ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटर रुंदी मिळाल्यावर गाळाने पूर्ण बुजण्याची प्रक्रिया फारच लांबते. अ‍ॅमस्टरडॅममध्येच झालेल्या आणि १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत स्टेंट मोकळा राहण्याचा मध्यक काळ प्लास्टिकसाठी १२६ दिवस, तर धातूसाठी २७३ दिवस आढळला. रुग्णांच्या आयुर्मानात मात्र अर्थपूर्ण फरक पडला नाही, आणि ही बाब मोकळेपणाने सांगितली पाहिजे : स्टेंट गाठीवर उपचार करत नाही, तो रुग्णाच्या उरलेल्या दिवसांतील ताप, खाज आणि रुग्णालयाच्या खेपा कमी करतो, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

पुढे निकेल आणि टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूने या क्षेत्राचे चित्र बदलले. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या कामातून १९६० च्या सुमारास पुढे आलेल्या या धातूत दोन्ही मूलद्रव्यांचे अणू जवळपास समप्रमाणात असतात. उच्च तापमानाला, साधारणतः ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याला दिलेला आकार तो जणू धरून ठेवतो. थंड करून दाबला तर वाकडातिकडा होतो, पण ठरावीक तापमानाच्या वर आला की स्फटिकरचना बदलून मूळ आकारात परततो. स्टेंटसाठी हे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा कमी ठेवले जाते, त्यामुळे शरीरात तो अतिलवचीक अवस्थेत राहतो, म्हणजे नेहमीच्या पोलादाच्या कैकपट विरूपण सहन करूनही पूर्ववत होतो. श्वासाबरोबर हलणाऱ्या, आतड्याच्या आकुंचनाने वाकणाऱ्या जागेसाठी हा गुण अनमोल आहे. स्टेंट नायटिनॉलच्या तारांनी विणून करतात किंवा नायटिनॉलच्या नळीला लेसर किरणांनी जाळीचे काप देऊन घडवतात. विणलेला स्टेंट फुलताना लांबीने बराच आखूड होतो, त्यामुळे तो नेमका बसवण्यासाठी डॉक्टरला हे आखडणे आधीच हिशेबात धरावे लागते. लेसरने कापलेला स्टेंट जवळपास तेवढ्याच लांबीचा राहतो.

स्टेंटच्या यांत्रिक गुणांविषयी दीर्घकाळ एकाच गोष्टीची चर्चा होत असे, ती म्हणजे बाहेरच्या बाजूला भिंतीवर पडणारे अरीय बल. गाठ दाबून नलिका उघडी ठेवण्यास ते आवश्यक आहेच. जपानी संशोधक हिरोयुकी इसायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बलाकडे लक्ष वेधले : वळणदार नलिकेत वाकवून ठेवलेला स्टेंट सरळ होण्यासाठी जी धडपड करतो, तिला त्यांनी अक्षीय बल म्हटले. हे बल जास्त असेल तर स्टेंटच्या टोकाशी नलिका दुमडते, भिंतीवर व्रण पडतो, पित्ताशयाच्या किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेच्या मुखावर दाब येऊन तिथे दाह होऊ शकतो. स्टेंट मऊपणे वाकला पाहिजे आणि तरीही त्याने भिंत ठामपणे रेटून धरली पाहिजे, ही जाणीव आल्यापासून जाळीच्या विणीचे, जोडांचे आणि तारेच्या जाडीचे अनेक नवे प्रकार निघाले. या बलांची चर्चा अभियांत्रिकीची म्हणून वैद्यकीय पुस्तकांत एक-दोन परिच्छेदांत आटोपली जाते. रुग्णाला होणारी वेदना आणि गुंतागुंत थेट तिच्याशी जोडलेली असल्याने इथे तिला पुरेशी जागा देणे गरजेचे होते.

उघड्या जाळीतून गाठीच्या पेशी आत वाढतात, म्हणून जाळीवर सिलिकोन, पॉलियुरेथेन किंवा विस्तारित टेफ्लॉनचे पातळ पटल चढवण्याची कल्पना आली. पटल असलेला स्टेंट गाठीला आत येऊ देत नाही आणि तो नंतर काढताही येतो, पण भिंतीत रुतत नसल्यामुळे तो जागेवरून सरकू शकतो आणि वाटेतील उपनलिकांची तोंडे झाकू शकतो. पटल नसलेला स्टेंट घट्ट रुततो, आणि नेमक्या त्याच कारणाने काही आठवड्यांनंतर तो काढणे जवळपास अशक्य होते. म्हणूनच निदान पक्के होण्यापूर्वी किंवा अडथळा कर्करोगाचा नसताना उघड्या जाळीचा धातूचा स्टेंट टाकू नये. हा नियम साधा असला तरी त्याचे उल्लंघन रुग्णाला आयुष्यभर भोवते.

स्टेंट तयार करणे आणि तो इच्छित जागी पोहोचवणे ही दोन कौशल्ये परस्परांवर अवलंबून आहेत. ईआरसीपीमध्ये दुर्बीण आद्यांत्रात उंचवट्यासमोर स्थिर केल्यावर एका बारीक नळीतून सुमारे ०.८९ मिलिमीटर जाडीची आणि साडेचार मीटरच्या आसपास लांबीची गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी तार, नलिकेत सारली जाते. तिचे टोक पाण्याने ओले होताच निसरडे होते आणि गाठीतील वाकड्यातिकड्या फटीतून पुढे सरकते, तर तिचा मधला भाग पुरेसा ताठ असल्याने बाकी सारी उपकरणे तिच्यावरूनच नेता येतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर अडथळ्याची लांबी मोजून स्टेंटची निवड होते. प्लास्टिकची नळी आतल्या मार्गदर्शक नळीवर बसवून मागून दुसऱ्या नळीने ढकलली जाते. धातूचा स्टेंट आवरणात बंद असतो. त्याच्या टोकांवरील प्लॅटिनम, सोने किंवा टँटलम यांसारख्या क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या धातूच्या खुणा अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचल्या की आवरण हळूहळू मागे घेतले जाते. स्टेंट पुढे सरकण्याची ओढ घेत असताना मदतनीस आणि डॉक्टर यांनी एकमेकांचा वेग सांभाळत ताण राखणे, यातच कसब असते. अनेक स्टेंट अर्धेअधिक उघडल्यावरही पुन्हा आवरणात ओढून जागा सुधारता येते. ही सोय डॉक्टरांच्या अनुभवातून उत्पादकांपर्यंत पोहोचलेल्या मागणीचे फळ आहे.

या मार्गाची किंमतही ओळखली पाहिजे. पित्तनलिकेत शिरण्याच्या प्रयत्नात तार किंवा द्रव स्वादुपिंडाच्या नलिकेत गेल्यास स्वादुपिंडाला सूज येते आणि ती क्वचित प्राणघातक ठरते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०२ रुग्णांच्या चाचणीत गुदमार्गे दिलेल्या इंडोमेथॅसिन या जुन्या, स्वस्त औषधाने या सुजेचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आणले. धोका अधिक असलेल्या रुग्णांत स्वादुपिंडाच्या नलिकेत छोटा प्लास्टिक स्टेंट ठेवण्याचाही उपयोग होतो, म्हणजे इथे स्टेंट हा उपचारापेक्षा संरक्षक म्हणून येतो. दुर्बिणीच्या टोकाशी उपकरणे उचलणारी जी छोटी पट्टी असते तिच्या सांध्यात जंतू दडून राहतात हे अमेरिकेतील संसर्गाच्या साथींनंतर २०१५ च्या सुमारास ठळकपणे पुढे आले, आणि त्यानंतर एकदाच वापरायच्या टोकांकडे उत्पादक वळले.

स्टेंट केव्हा टाकू नये हा प्रश्न स्टेंट कसा टाकावा या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. स्वादुपिंडाच्या शीर्षातील गाठ काढता येण्याजोगी असेल तर आधी कावीळ उतरवून मगच शस्त्रक्रिया करावी, असा समज दीर्घकाळ होता. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०२ रुग्णांपैकी थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, तर आधी स्टेंट टाकलेल्यांत ७४ टक्के आढळली. त्या चाचणीत प्लास्टिकच्या नळ्या वापरल्या होत्या हा आक्षेप रास्त आहे आणि ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार द्यायचे आहेत त्यांच्यासाठी स्टेंट आजही लागतोच; तरीही केवळ बिलिरुबिनचा आकडा पाहून स्टेंट टाकण्याची घाई या निष्कर्षांपुढे टिकत नाही. संगमावरील गाठींत तर चुकीच्या शाखेत द्रव भरून तिचा निचरा न झाल्यास पूर्वी नसलेला संसर्ग उद्भवतो, म्हणून तिथे आधी एमआरआयने शाखांचा नकाशा पाहणे अनिवार्य मानले जाते.

कर्करोग नसलेल्या अडथळ्यांत नळीचे काम वेगळे असते. रोममध्ये ग्वीदो कोस्तामान्या यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतर अरुंद झालेल्या नलिकेत दर तीन महिन्यांनी नळ्यांची संख्या वाढवत नेण्याची पद्धत रूढ केली. वर्षभरात नलिका हळूहळू रुंद होते आणि सर्व नळ्या काढल्यावरही पुष्कळ रुग्णांत ती तशी राहते. पूर्ण पटल असलेल्या एकाच धातूच्या स्टेंटने हेच साधते का, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत पाहिले गेले : अडथळा दूर होण्याचे प्रमाण अनेक प्लास्टिक नळ्यांनी ८५.४ टक्के, तर धातूने ९२.६ टक्के होते, आणि धातूच्या गटात दुर्बिणीच्या खेपा कमी लागल्या.

मूत्रवाहिनीची गोष्ट निराळी, पण समांतर आहे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नलिका लाटेसारख्या आकुंचनाने लघवी पुढे ढकलते. १९६७ मध्ये पॉल झिमस्किंड यांनी मूत्राशयाच्या दुर्बिणीतून सिलिकोनची नळी आत ठेवली, परंतु ती घसरे. १९७८ मध्ये रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना वळण दिले आणि ‘डबल जे’ किंवा रुग्णांच्या बोलीतला ‘डीजे’ स्टेंट अस्तित्वात आला. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर महाराष्ट्रातील असंख्य घरांत हा शब्द आज परिचित झाला आहे. या नळीत लघवी आतून तर वाहतेच, शिवाय नळी आणि भिंत यांच्यामधूनही वाहते, त्यामुळे इथे बारीक नळीही चालते. दुसरीकडे तिच्या खालच्या टोकाचा मूत्राशयाला होणारा स्पर्श वारंवार लघवीची भावना, जळजळ आणि लघवी करताना पाठीत चढणारी कळ निर्माण करतो, आणि हा त्रास बहुसंख्य रुग्णांना होतो. तो आधी समजावून सांगितला नाही तर रुग्ण घाबरतो. आणि त्रास झाला नाही तर नळी आत आहे हेच विसरतो, जे अधिक धोकादायक. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवर क्षारांचे थर चढून दोन्ही टोकांना खडे तयार होतात आणि काही मिनिटांत निघाली असती अशी नळी काढण्यासाठी मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, कधी मूत्रपिंडही गमवावे लागते.

स्वतःच विरघळणारे स्टेंट हे या विस्मरणावरचे आकर्षक उत्तर आहे. शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिडायॉक्सॅनोनच्या तंतूंपासून विणलेले स्टेंट काही महिन्यांत बळ गमावतात आणि विरघळतात. परंतु ते समान गतीने विरघळत नाहीत, सुटलेले तुकडेच नवा अडथळा ठरू शकतात. दुसरीकडे, मार्सेय येथे मार्क जिओव्हानिनी यांनी २००१ मध्ये दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफीच्या साहाय्याने आतड्याच्या भिंतीतून थेट नलिकेत प्रवेश केल्यापासून नैसर्गिक दारच बंद असलेल्या रुग्णांसाठी नवी वाट खुली झाली, आणि दोन भिंती एकमेकींना चिकटवून धरणारे रुंद कडांचे स्टेंट त्यातूनच विकसित झाले.

भारतीय संदर्भात निवडीचा प्रश्न पैशापाशी येऊन थांबतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत साध्या जाळीसाठी ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्यासाठी २९,६०० रुपये अशी बांधली. पित्तनलिकेच्या आणि मूत्रवाहिनीच्या स्टेंटना तो आदेश लागू नव्हता. प्लास्टिकचा स्टेंट धातूच्या तुलनेत फार स्वस्त असल्याने गरीब रुग्णाला सहसा तोच सुचवला जातो. परंतु दर तीन महिन्यांनी बदल, प्रत्येक बदलाला भूल, दुर्बीण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून शहरापर्यंतचा प्रवास, आणि मध्येच नळी बुजली तर तापासाठी रुग्णालय, हा सारा खर्च स्टेंटच्या पाकिटावर छापलेला नसतो. ज्याचे आयुष्य काही महिन्यांहून अधिक अपेक्षित आहे अशा कर्करोगाच्या रुग्णासाठी धातूचा स्टेंट पुष्कळदा एकूण हिशेबात स्वस्त पडतो, आणि शासकीय योजनांचे दर ठरवणाऱ्यांनी हा हिशेब एका प्रक्रियेचा न करता संपूर्ण मुदतीचा करावा, असा या ग्रंथाचा आग्रह आहे.

त्याच आग्रहातून शेवटचे प्रकरण रुग्णाच्या हातातील नोंदीला वाहिलेले आहे. स्टेंट कोणता, कोणत्या तारखेला टाकला, तो काढायचा आहे की कायमचा, काढायचा असल्यास कोणत्या तारखेपूर्वी, आणि थंडी वाजून ताप आल्यास किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसल्यास वाट न पाहता त्याच दिवशी कुठे पोहोचायचे, या पाच गोष्टी रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत एका कार्डावर लिहून दिल्याखेरीज त्याला घरी पाठवू नये, आणि रुग्णालयाने त्या तारखांची स्वतंत्र नोंदवही ठेवून मुदत जवळ आलेल्या प्रत्येक रुग्णाला स्वतःहून निरोप धाडावा.